छाट बिडी आणि कुजलेले मत

हसण्याचा इतिहास आपल्याकडे कोणी लिहून ठेवीत नाही. ठरावांचा, मोर्च्यांचा, निवडणुकीच्या निकालांचा इतिहास कागदावर येतो. पण निकालाच्या आदल्या रात्री वस्तीत कोणता वाद पेटला होता, कोण कोणावर हसले, कोणत्या वाक्यावर सगळी बैठक लोटपोट झाली आणि कोणत्या वाक्यावर एकदम चूप झाली, हे त्या माणसांबरोबरच जाते. मी इतिहास शिकवतो. वर्गात बखरी, गॅझेटियर, न्यायनिवाडे यांविषयी बोलताना मला नेहमी वाटते की ज्या माणसांत मी वाढलो त्यांचे विचार या साधनांत सापडायचे नाहीत. ते विचार होते, धारदार होते. पण ते थट्टेच्या रूपात बोलले जात होते आणि थट्टेला पुरावा मानण्याची आपल्या विद्येला सवय नाही.

हे लिहायला निमित्त झाले २०१८ सालच्या एका थट्टेचे. २८ मे रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. विदर्भातला मे महिना. सकाळी नऊनंतर डांबर मऊ होते. मतदान सुरू झाले आणि थोड्याच वेळात निरनिराळ्या गावांतून बातम्या येऊ लागल्या की यंत्रे बंद पडत आहेत. मतदान यंत्राला जोडलेले, मत कोणाला गेले ते चिठ्ठीवर दाखवणारे जे व्हीव्हीपॅट नावाचे उपकरण, ते दगा देत होते. उन्हामुळे असे झाले, असे जिल्ह्यात बोलले जाऊ लागले; प्रखर प्रकाश थेट पडल्याने आतील संवेदक नीट चालले नाहीत, असे स्पष्टीकरण पुढे निवडणूक आयोगाकडून आले. ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. त्या दुपारी कारध्याच्या पुलाअलीकडे चहाच्या टपरीवर एक म्हातारा मजूर म्हणाला, "मशीनले ऊन लागला म्हनतेत! सावलीत बसून त्याले चक्कर आली. आमी बोडी खोदतो, आमाले कोन फेरमतदान देते?"

टपरी हसली. माझ्याबरोबर एक सहकारी प्राध्यापक होते. तेही हसले, पण निराळे हसले. उठताना मला म्हणाले, "अडाणी लोक आहेत. तंत्रज्ञान समजत नाही." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढचे पान हे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचे आहे असे समजावे.

कारधा हे गाव भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पूर्व काठावर आहे. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे नदी ओलांडतो. जुना लहान पूल आहे, तो पुरात बुडतो. नवा मोठा पूल आहे, त्यावरून ट्रक रात्रंदिवस जातात. वैनगंगेची पातळी कारध्याला मोजली जाते, त्यामुळे पावसाळ्यात गावाचे नाव रोज वर्तमानपत्रात येते. एरवी येत नाही. प्रदेश झाडीपट्टीचा, पीक धानाचे. रोवणा आणि कापणी सोडली तर उरलेले महिने आमच्या बायकांच्या हाताला एकच काम असे: बिडी. भंडारा, गोंदिया हा बिडीचा मुलूख. तेंदूची पाने जंगलातली, तंबाखू बाहेरचा, हात आमचे.

माझी आजी बिडी वळत असे. अक्षरओळख नव्हती. रात्री ओल्या फडक्यात पाने गुंडाळून ठेवायची. सकाळी भाकरी उरकून दारापुढच्या सावलीत सूप मांडीवर घेऊन बसायचे. पत्र्याच्या मापाने पान कातरायचे, तंबाखू भुरभुरायचा, वळायचे, सुताने बांधायचे, तोंड मुडपायचे. चार-पाच घरच्या बायका एकत्र बसत. या कामाची एक गंमत अशी की त्यात हात आणि डोळे गुंततात, तोंड आणि कान मोकळे राहतात. गिरणीतल्या कामगाराला मागाच्या आवाजात बोलता येत नाही. शेतात वाकलेल्या बाईचा श्वास पुरत नाही. बिडीच्या बैठकीत मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणे चाले. कोणाचे लग्न मोडले इथपासून पोखरणला बॉम्ब कशाला उडवला इथपर्यंत. मी शाळेत वाचायला शिकलो तसे माझे काम ठरून गेले: शेजारच्या किराणा दुकानातला कालचा पेपर आणायचा आणि बैठकीत मोठ्याने वाचायचा. मी वाचीत असे आणि त्या वाद घालीत. मला आज कळते की माझे पहिले चर्चासत्र तेच होते.

१९९९ च्या शेवटी पेपरात रोज येत असे की दोन हजार साल लागले की जगातले कॉम्प्युटर बंद पडतील, कारण त्यांना सालाचे शेवटचे दोनच आकडे कळतात. हे मी वाचून दाखवले तेव्हा बराच वेळ खल झाला. बँक बंद पडेल का, वीज जाईल का, सट्टेदाराचा हिशेब बुडेल का. आजी म्हणाली, सट्टेदाराला तर एकच आकडा कळतो, स्वतःचा. तो कधी बंद पडला नाही. एक जण म्हणाली, आपला कॉम्प्युटर भिंतीवर आहे, त्याला साल नाही नि काही नाही.

भिंतीवरच्या त्या कॉम्प्युटरबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. बिडीची मजुरी हजारावर. पंचवीस बिड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. सट्टेदार म्हणजे कंपनी आणि घर यांच्यामधला माणूस. तो पान-तंबाखू देतो, तयार माल घेतो आणि वहीत लिहितो. वही त्याच्याकडे. म्हणून आजीने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली होती: हजाराला एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. वहीतली नोंद आणि भिंतीवरची नोंद जुळते की नाही ते आठवड्याला पाहायचे. जुळली नाही की भांडण. भांडणात नेहमी वही जिंकत असे, हे खरे. पण भिंत होती म्हणून भांडण तरी होत असे.

वहीच्या आधी होती छाट. सट्टेदार कट्टे उलगडून पाही आणि नापसंत बिड्या बाजूला फेकी. कोणती सैल, कोणती वाकडी, कोणाचे पान फाटके. या नापसंत बिडीला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही, आणि छाटलेली बिडी परतही मिळत नाही. ती पुढे कुठे जाते, कोण ओढतो, हे विचारण्याची सोय नाही. आजीच्या बैठकीत छाटीवरच्या थट्टा अगणित होत्या. सट्टेदाराच्या घरच्या लग्नात छाटच वाटतात, त्याचा देवही छाटच ओढतो, वगैरे. थट्टा जुनी, राग त्याहून जुना. हा राग एकट्या कारध्याचा नव्हता. नागपूर-कामठीकडे बाबू हरदास यांनी बिडी मजुरांना संघटित केले, त्या मजुरांचे दुःखही याच जातीचे. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. कच्चा माल किती दिला, बिडी का नाकारली, नाकारलेल्या बिडीची मजुरी द्यायची की नाही, या तंट्यांचा निवाडा नेमलेल्या अधिकाऱ्याने करावा अशी तरतूद त्यात होती. म्हणजे देशाच्या संसदेला छाटीची दखल घ्यावी लागली. ती तरतूद आमच्या बैठकीपर्यंत कधी पोचली नाही, हा भाग वेगळा.

आता या बैठकीची परंपरा कुठली? आपल्याकडे विनोद म्हटला की कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, पु. ल. अशी माळ ओढली जाते. ती माळ खोटी नाही. पण ती वाचणाऱ्यांची आहे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या हसण्याचा धागा दुसरीकडे जातो. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक विदूषक आहे. राजाच्या पंक्तीला बसून लाडू मागणारा संस्कृत नाटकातला विदूषक तो नव्हे. भट कुणब्याला कसा गुंडाळतो ते चाललेले असताना हा मध्येच प्रेक्षकांकडे वळून प्रश्न उभे करतो. थट्टेला उलटतपासणीचे काम देणारा हा मराठीतला फार मोठा बदल होता, आणि मराठी नाट्येतिहासाने त्याची नोंद फार उशिरा घेतली. पुढे सत्यशोधक जलसे आले. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३१ साली जलसामंडळ उभे केले आणि तमाशाच्या मांडणीतून गवळण बाजूला सारून तेथे पाणवठा, शाळा, सावकार, मतदान हे विषय आणले.

झाडीपट्टीत या अगोदरपासून आमची खडी गंमत होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री शाहीर उभा राहतो, डफ वाजतो, समोर दुसरा शाहीर, आणि सवाल-जवाब पहाटेपर्यंत. पुराणातले सवाल संपले की चालू काळातले सुरू होतात. आगगाडी मोठी की नांगर, मोटार मोठी की बैल, असे वाद घालण्याची ही जागा. पण येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण लोककलेचे गोडवे गाताना ती नेमकी गाळली जाते. या गंमतीत पोटभर हसवण्यासाठी जी सोंगे येत त्यांत महार, मांग, गोंड यांची बोली नि त्यांचे भित्रेपण हा हुकमी माल असे. प्रेक्षकांत आमची माणसे कडेला बसत आणि स्वतःवरच हसत. जलशाने जे केले ते हे की सोंग उलटे केले: हसणारा तोच राहिला, पण ज्याच्यावर हसायचे तो बदलला. म्हणून गावच्या पारावरची थट्टा आणि बिडीच्या बैठकीतली थट्टा यांना एकाच 'लोकविनोद' या शब्दात कोंबणे मला मान्य नाही. पारावर आजीला बसताच येत नव्हते.

आणि आता मतदानाकडे येतो.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. बहुसंख्य मतदार निरक्षर म्हणून सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने योजलेली ही युक्ती. तंत्रज्ञान म्हणजे केवळ वीज आणि तार असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ती पेटी हे त्या काळचे मोठे यंत्र होते, आणि त्याविषयीही लोकांनी थट्टा-वाद केलाच. काही ठिकाणी पेटीला फुले वाहिली गेली, पेट्यांत भलत्याच वस्तू सापडल्या. शहाण्यांनी तेव्हाही 'अडाणी' म्हटले.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि लोकसभेचा मतदारसंघ द्विसदस्य होता: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मते. पण दोन्ही एकालाच देता येत नसत. या मतदारसंघाची पहिली निवडणूक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि तो निवाडा आमच्या जिल्ह्याच्या प्रत्येक महाविद्यालयात शिकवला जावा इतका बोलका आहे. निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे मुलजी सिक्का आणि कंपनी या बिडी पेढीचे भागीदार होते, आणि या पेढीचा सैन्याला बिडी पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी कराराचा हितसंबंध असलेल्या माणसाला उमेदवार होता येत नाही, म्हणून न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले. त्याच खटल्यात दुसरा प्रश्न होता गंगाराम थवरे यांचा. ते महार, पण महानुभाव पंथात गेलेले, म्हणून राखीव जागेसाठी त्यांचा अर्ज फेटाळला होता. न्यायालय म्हणाले, पंथ बदलला तरी ते महारच राहिले. अर्ज फेटाळणे चूक. फेब्रुवारी १९५४ मध्ये सगळी निवडणूक रद्द झाली.

या दोन प्रश्नांकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावे. एका बाजूला बिडी विकणारा संसदेत बसू शकतो का, आणि दुसऱ्या बाजूला देव बदलला तर महार महार राहतो का. आमच्या जिल्ह्याचे सगळे अर्थकारण आणि सगळे समाजकारण त्या एका निवाड्यात आले आहे. बिडी वळणारीचा उल्लेख त्यात नाही. तो असण्याचे कारणही नव्हते.

रद्द झालेल्या या निवडणुकीमुळेच मे १९५४ ची पोटनिवडणूक आली आणि राखीव जागेसाठी स्वतः बाबासाहेब उभे राहिले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. समोर काँग्रेसची बैलजोडी, उमेदवार भाऊराव बोरकर. आजीने आयुष्यातले पहिले मत तेव्हा दिले. तिच्या सांगण्यात तारखा नव्हत्या, ऊन होते. हत्तीची पेटी कुठे ठेवली आहे हे आधी विचारून घ्यायचे, घाबरून बैलाच्या पेटीत टाकू नको, अशी तालीम वस्तीत रात्री चालली होती. एक जण हत्ती झाला, एक जण बैल झाला, आणि म्हाताऱ्यांकडून वाळलेली पाने टाकवून घेतली. त्यावर हशा पिकला. जलसा वेगळा काय असतो?

पण खरा वाद दुसऱ्या मताचा होता. दोन वर्षांपूर्वी मुंबईत बाबासाहेब काजरोळकरांकडून पराभूत झाले होते आणि तेथे सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबर हरलेल्या अशोक मेहतांनी त्याविरुद्ध अर्ज केला होता. आपल्या माणसाला एक मत द्यायचे आणि दुसरे वाया घालवायचे, जेणेकरून दुसऱ्या कोणाचे पारडे जड होऊ नये, या डावाला तेव्हा मत कुजवणे असा शब्द होता. भंडाऱ्यात कार्यकर्त्यांपैकी काहींना वाटले की हा डाव आता आपण खेळावा. बाबासाहेबांनी तो नाकारला, असे चळवळीत आजवर सांगितले जाते: ज्याने मताचा अधिकार लिहिला तो मत कुजवायला सांगणार नाही. निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले.

आजी हे सांगताना दरवेळी त्याच शब्दावर थांबत असे. बाकीच्या बायका मत कुजले म्हणत. ती म्हणे, मत छाटले. दुसरे मत आपण कुजवले असते तर ती आपली छाट झाली असती, आणि छाट कशी असते ते आपल्याला माहीत आहे, असा तिचा युक्तिवाद. बैठकीत याला विरोध होता. एक मावशी शेवटपर्यंत म्हणत राहिली की कुजवायलाच हवे होते, बाबा संसदेत हवे होते, नियम गेला खड्ड्यात. मी बारा वर्षांचा असेन. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या निवडणुकीवर दोन बायका बिडी वळता वळता भांडत होत्या आणि एकमेकींना हसवीतही होत्या. कोणता पक्ष बरोबर होता? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला आजी पटते. पण मावशीच्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही.

यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ गेले, स्वतंत्र पेट्यांची पद्धत मागे पडून एका कागदावर शिक्का मारण्याची पद्धत आली. १९७१ च्या निवडणुकीनंतर जनसंघाचे बलराज मधोक, जे स्वतः इतिहासाचे प्राध्यापक होते, यांनी आरोप केला की मतपत्रिकांवर रासायनिक शाई वापरली, आपला शिक्का उडून गेला आणि काँग्रेसचा उमटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, काही मतपत्रिका नमुन्यादाखल तपासण्याची परवानगी १९७२ मध्ये मिळाली, आणि आरोप टिकला नाही. माझ्या सहकाऱ्याला मी हे सांगायला हवे होते. तंत्राविषयीचा संशय निरक्षरांची मिरास नाही. फरक एवढाच की प्राध्यापकाच्या संशयाला याचिका म्हणतात आणि मजुराच्या संशयाला अडाणीपणा.

यंत्र पहिल्यांदा वापरले गेले १९८२ साली, केरळातल्या परूर मतदारसंघात, काही मोजक्या केंद्रांवर. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यायला लावले, कारण कायद्यात यंत्राला जागाच नव्हती. न्यायालयाने यंत्र वाईट म्हटले नव्हते. विचारल्याशिवाय आणले म्हणून थांबवले होते. मग १९८८ मध्ये कायदा बदलला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रावर झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की मतदाराला कागदी खूण दिसली पाहिजे. त्यातून व्हीव्हीपॅटचा वापर वाढत गेला. बटण दाबले की काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते.

२००४ मध्ये आजी यंत्रावर मत देऊन आली तेव्हा बैठकीत तिला विचारले, कसे वाटले? म्हणाली, "पी म्हनला." बटण दाबल्यावर वाजणारा आवाज. आठवडाभर बैठकीत कोणी काही विचारले की उत्तर एकच: पी. सट्टेदाराने किती छाटल्या? पी. सरपंचाने नळाचे काय केले? पी. लहान पोरेही म्हणू लागली. मला तेव्हा ही निव्वळ मस्करी वाटली. आज वाटते की यंत्राविषयीचा सगळा वाद त्या एका अक्षरात होता: तुम्ही विचारता, ते वाजते, आणि वाजणे म्हणजे उत्तर असे तुम्ही समजायचे.

पुढे काचेआडची चिठ्ठी आली तेव्हा माझ्या धाकट्या चुलतभावाने तिला समजावून सांगितले की ही तुझ्या भिंतीसारखी आहे. यंत्र म्हणजे सट्टेदाराची वही, चिठ्ठी म्हणजे कोळशाची रेघ. तिला ते आवडले. मग तिने विचारले, वही आणि रेघ जुळवते कोण? तो म्हणाला, सगळी नाही जुळवत, थोडी जुळवतात. २०१९ मध्ये न्यायालयाने ठरवले की प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्यात; त्याआधी एकच मोजत. सगळ्या मोजाव्यात ही मागणी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने फेटाळली. त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या लोकांनी आपल्या गावापुरते कागदावर मतदान घेऊन पाहायचे ठरवले; प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते राहिले.

येथे माझे मत सांगणे भाग आहे. यंत्रात लबाडी झाली असे सिद्ध करणारा पुरावा मी पाहिलेला नाही, आणि हरलेल्या प्रत्येक निवडणुकीचे खापर यंत्रावर फोडणे ही आपल्या चळवळीची आळशी सवय होऊ पाहत आहे. १९५४ ला यंत्र नव्हते, तरी आपण हरलो. का हरलो याची चर्चा तेव्हा वस्तीवस्तीत झाली, आता ती होत नाही, कारण उत्तर आधीच तयार असते. पण म्हणून मोजणी दाखवा म्हणणाऱ्याला अडाणी म्हणणे हे त्याहून वाईट. ज्या बाईचे चाळीस वर्षे कोणीतरी दुसऱ्याने मोजले, तिला मोजणीविषयी जे कळते ते आम्हा पगारदारांना कळत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचा पगार छाटून येत नाही.

बैठक आता उरलेली नाही. बिडीचे काम घटले, सूप माळ्यावर गेले, वाद मोबाईलवर आले. तेथेही थट्टा आहे, आणि पुष्कळदा चांगली आहे. आमच्या पोरांची जीभ बोथट झालेली नाही. मला जाचते ते हे की मोबाईलवर आलेली गोष्ट पुढे ढकलणाऱ्याला कोणी समोरासमोर अडवत नाही. बैठकीत बातमी आणणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असे: "कोनी पायला?" कोणी पाहिले? पेपरात छापले आहे, हे उत्तर तेथे पुरत नसे. मला ते कित्येकदा लागले आहे. मी वाचून दाखवणारा होतो आणि मला वाटे की छापलेले म्हणजे झाले.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात धरणाचे दरवाजे उघडले, पाणी निघाले आहे, असे निरोप मोबाईलवर धडाधड येऊ लागले. त्यांत एक म्हणे धरणच फुटले, एक म्हणे काही नाही, अफवा आहे, घरात बसा. दोन्ही निरोप एकाच माणसाने पाठवले होते. टाळेबंदीचा काळ, लोक आधीच भेदरलेले. कोणी म्हणाले, कोरोनाला पोहता येत नाही, बरे झाले. वस्ती हसली, पण हलली नाही. निघावे की थांबावे हे ठरेना. आजी तेव्हा नव्वदीकडे झुकलेली, खाटेवर. तिने विचारले, कोणी पाहिले? कोणीच पाहिले नव्हते. तेव्हा शेजारचा नववीतला पोरगा पुलाकडे पळाला. तो परत येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. धापा टाकत आला आणि म्हणाला, लहान पूल दिसत नाही, पाणी त्याच्यावरून जाते आहे. मग बायकांनी धानाची पोती उचलायला सुरुवात केली. दोघांनी आजीची खाट उचलली. चुलीमागच्या भिंतीशी पाणी रात्री पोचले.